चंदेरी मण्यांचे रमगोळे

"पुढच्या वल्ह्यावर मी!"

"तू? बेर्टिल, तुझे हात वल्ह्याच्या मुठीला तरी पोचतात का?"

"पोचतात! बाबा, हिला सांग ना!"

बाबा नावेचा काठ धरून उभा होता आणि त्याचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लालभडक झाला होता.

टोर्नहोल्म बेटावर शरदातल्या या आठवड्याला अजूनही 'बटाट्याची सुट्टी' म्हणतात. बटाटे आता यंत्रे काढतात. मुलांकडे राहिली आहे ती नुसती सुट्टी. ती सार्थकी लावण्याचा बेत पक्का ठरला होता. हिवाळ्यासाठी नाव वर ओढण्याआधी एकदा सील प्राण्यांच्या खडकापर्यंत जाऊन यायचे. सिल्ये, तिचा धाकटा भाऊ बेर्टिल, सिल्येच्या वयाचा, बेटावरचाच एस्बेन, आणि सुकाणूवर बाबा. डबा भरला होता, दोर सोडले होते.

"बाबा?" सिल्ये म्हणाली.

"काही नाही... जरा बसतो..." असे म्हणत तो बसला नाही, कोसळला. धक्क्याच्या फळ्यांवर त्याने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, मान वळवली आणि पोटातले सगळे समुद्रात ओकून टाकले.

सिल्ये तेरा वर्षांची होती. बाबाला असे पडलेले पाहण्याची तिला एकेकाळी सवय होती, आणि ती सवय मोडण्यासाठी दोघांनीही फार कष्ट घेतले होते. म्हणूनच, एस्बेन नर्सला बोलवायला धावत सुटला तेव्हा, तिच्या मनात आलेली पहिली भावना काळजीची नव्हती. ती रागाची होती. पुढे कित्येक दिवस तिला त्या क्षणाची लाज वाटत राहिली.

"मी प्यायलो नाही," बाबा धापा टाकत म्हणाला. "सिल्ये, मी प्यायलो नाही गं!"

बेटावरच्या मोठ्या माणसांना दोन गोष्टी नेहमीच पक्क्या ठाऊक असतात: वारा कोणत्या दिशेने फिरणार, आणि कोणता माणूस कधीच सुधारणार नाही. वाऱ्याच्या बाबतीत ती कधीकधी चुकल्याचे कबूल करतात.

नर्स आली. तिने नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, बाबाला कुशीवर वळवले. मुले बेटावर असली की बाबा रोज सकाळी त्यांच्या देखत पाण्यात विरघळवून एक गोळी घेत असे. ती घेणाऱ्याच्या पोटात थोडी जरी दारू गेली, तरी त्याचे अंग लाल होते, छाती धडधडू लागते आणि जीव नकोसा होतो. ती गोळी त्याने स्वतःहून मागून घेतली होती, हे नर्सला माहीत होते. तरी ती एवढेच म्हणाली, "गोळीनं काम केलं, टोर्किल. म्हणजे दारू पोटात गेली."

"गोळी खोटं बोलत नाही," मागून आवाज आला.

तो गुड्रुन आत्याचा होता. आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण, बेटावरच्या शाळेची मुख्याध्यापिका. वर्गाबाहेरही सगळे आपल्याच वर्गात बसले आहेत असे समजून ती बोलत असे. शनिवारीच तिच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव झाला होता. रिवाजाप्रमाणे पहाटे सगळे बेट तिच्या दारात गाणी म्हणायला जमले. दारावरची हिरव्या फांद्यांची कमान बाबाने स्वतः बांधली होती. छोट्या पेल्यांतून कडू मद्य फिरू लागले तेव्हा त्याने कॉफीचा कप उंचावला होता. ते सगळ्यांनी पाहिले होते. आज मात्र ते कुणालाच आठवत नव्हते.

"आत्या, तो नाही म्हणतोय ना!" सिल्ये म्हणाली.

"ते सगळेच म्हणतात, बाळ." आत्याने फोन काढला. "मी मालेनेला, तुमच्या आईला, कळवते. जे ठरलं होतं ते ठरलं होतं."

ठरले होते ते असे: बाबा एकदा जरी प्यायला, तरी मुले ताबडतोब ओडेन्से शहरात आईकडे परत जातील आणि बेटावरच्या सुट्ट्या संपतील. फक्त ही सुट्टी नव्हे, सगळ्या.

"आई उद्या संध्याकाळच्या बोटीनं येतेय," फोन ठेवत आत्या म्हणाली. निर्णय घेण्यातले समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि त्यालाच ती बहुधा दुःख समजत होती.

*

बाबाला घरी नेल्यावर धक्क्यावर तिघेच उरले. बेर्टिल रडत नव्हता. तो नावेचा सुटलेला दोर बोटाला गुंडाळत होता.

"अरे, ते बघा!" एस्बेन अचानक म्हणाला. "त्या समुद्रपक्ष्याला काय झालं?"

एक गलेलठ्ठ समुद्रपक्षी फळ्यांवरून चालला होता. म्हणजे त्याला तसे वाटत असावे. तो दोन पावले डावीकडे जाई, थबके, तिसरे पाऊल नसलेल्या पायरीवर टाकी आणि छातीवर आपटे. मग मोठ्या रुबाबात उठून आजूबाजूला पाही, जणू ढकलणाऱ्याचा शोध घेत आहे.

"हा तर टुन्न आहे!" एस्बेन हसला. "आमच्या आजोबांसारखा चालतो—" आणि सिल्येकडे पाहताच त्याचे हसू विरले. "सॉरी. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नाही, थांब. परत बोल."

"सॉरी म्हटलं ना!"

"ते नाही रे! हा टुन्न आहे म्हणालास. कशानं?"

पक्ष्याच्या मागे एक फाटलेली कागदी पिशवी पडली होती. पिशवीवर बेकरीचा शिक्का होता आणि आत चॉकलेटच्या दाण्यांचा चुरा.

"ती माझी," बेर्टिल म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. "मी आणले होते. बाबासाठी. दोन रमगोळे. त्यानं एक अख्खा खाल्ला, आणि दुसरा अर्धा खाऊन खाली ठेवला." मग मात्र त्याचा बांध फुटला. "मी आणले होते, सिल्ये! माझ्या पैशांनी!"

"गप रे वेड्या," एस्बेन घाईघाईने म्हणाला. "रमगोळ्यात रम नसते! नुसता एसेन्स! बालवाडीतली पोरं खातात!"

ते खरे होते. रमगोळा म्हणजे बेकरीचा कालचा दिवस. जे केक विकले गेले नाहीत, कडा कापताना जे उरले, जे पेस्ट्रीचे तुकडे शिळे झाले, ते सगळे एका पिंपात जाते. त्यात कोको, जॅम, लोणी आणि रमच्या वासाचे चार थेंब घालून मळतात, मुठीएवढे गोळे वळतात आणि चॉकलेटच्या दाण्यांत घोळवतात. त्यात काय काय आहे हे कुणी विचारत नाही. न विचारणे हाच त्याचा मुख्य घटक.

"मग हा पक्षी कशानं पडतोय?" सिल्ये म्हणाली.

पक्षी पुन्हा एकदा आपटला.

*

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात मुलांचे कपडे घड्या घालून ठेवत होता. सिल्येने धापा टाकत सगळे सांगितले: पक्षी, पिशवी, गोळे.

त्याने ऐकून घेतले. मग बेर्टिलच्या मोज्यांची जोडी जुळवत तो म्हणाला, "सकाळी मी नावेच्या शेडमध्ये एकटाच होतो, नाही का?"

"हो. मग?"

"आणि तिथं मागं जुनं सामान पडलेलं असतं. एखादी बाटली असू शकते."

"बाबा! तू प्यायलास का?"

"मला आठवत नाही गं." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "पण पूर्वीही मला आठवायचं नाही. नर्स म्हणते, गुड्रुन म्हणते. इतकी माणसं एकदम चुकतील का?"

आतापर्यंत सिल्येला वाटत होते की लढाई आत्याशी आहे, आईशी आहे, गोळीशी आहे. आता तिला कळले की इतरांनी एका दुपारात त्याच्याकडून त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता, आणि त्यासाठी कुणाला आवाजही चढवावा लागला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "इतकी माणसं एकदम चुकतात. अगदी आरामात!"

*

मंगळवारी सकाळी तिघे बेकरीत हजर झाले.

"प्रेबेनकाका, मदतीला येऊ? सुट्टी आहे, कंटाळा आलाय!"

प्रेबेन बेकर हा मोठा प्रेमळ गृहस्थ होता, आणि फुकट हात दिसले की त्याचे प्रेम आणखी वाढे. "या, या! हात धुवा, नखं दाखवा! एस्बेन, हे हात आहेत की बटाट्याचं शेत? परत धू! बालवाडीचा ट्रे द्यायचाय उद्या. गोळे वळता येतात ना?"

त्याने थंड खोलीतून पिंप ओढत आणले. झाकण उघडताच ओळखीचा, गोड, उग्र वास भपकन आला. रविवारी मळलेला तो काळसर लगदा निम्मा संपला होता. सिल्येने ओट्यावरची एसेन्सची बाटली उचलून पाहिली. तीत अल्कोहोल नव्हते. लेबलावर तसे मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

"काका, यात खरी रम कधी घालत नाही?"

"खरी?" प्रेबेन खदखदून हसला. "त्या किमतीत? मी बेकर आहे गं, राजा नाही!"

तो खोटे बोलत नव्हता. तो पिंपात रम घालत नव्हता. सिल्येची आशा मावळली. मग हात हलवत राहायचे म्हणून ती गोळे वळू लागली. तळहातावर थोडे पाणी, मुठीएवढा लगदा, दोन फिरक्या, मग चॉकलेटच्या दाण्यांत लोळवायचे. एस्बेन एक वळून ठेवी आणि दुसऱ्याकडे आशाळभूतपणे पाही.

"खाऊ नकोस!" सिल्ये पुटपुटली.

"बघतोय फक्त! बघायचीपण बंदी आहे का?"

"ताई," बेर्टिल म्हणाला, "माझ्या गोळ्यात खडा आहे."

"दाखव."

तो खडा नव्हता. बेर्टिलच्या कोकोने माखलेल्या बोटांच्या चिमटीत साखरेचा एक चंदेरी मणी चमकत होता. एस्बेनने आपला गोळा मोडला. त्यात दोन निघाले.

सिल्येच्या हातातला गोळा हातातच राहिला. असे मणी तिने एकदाच पाहिले होते: शनिवारी, आत्याच्या केकवर. पंचविसाचा आकडा त्याच मण्यांनी काढला होता, आणि प्रेबेनने ते खास ओडेन्सेहून मागवल्याचे प्रत्येक पाहुण्याला ऐकवले होते. तो केक साधा नव्हता. हेनिंगकाकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, जहाजावरच्या दिवसांत दूरच्या बेटांवरून आणलेली रमची जुनी बाटली त्यासाठी बेकरीत दिली होती. केकचे थर तिच्यात भिजवायचे, अशी त्यांची आज्ञा होती.

"काका," सिल्ये शक्य तितक्या आळसावलेल्या स्वरात म्हणाली, "आत्याचा केक मस्त होता. किती उरला?"

"उरला? बशा चाटल्या लोकांनी! कणसुद्धा परत आला नाही!"

"आणि ते चंदेरी मणी? ते उरले असतील."

"डबी रिकामी! दोनदा आकडा काढ—" प्रेबेन थांबला. त्याचे कान लाल झाले. "वळा, वळा! गप्पा कमी!"

दोनदा! एस्बेनने टेबलाखालून सिल्येच्या पायावर पाय दिला. तिलाही कळले होते. ज्या केकचा कणही उरला नाही, त्याचे मणी पिंपात आले कसे? एकच मार्ग होता. केक दोन होते. एक पाहुण्यांनी खाल्ला. दुसऱ्याला काहीतरी झाले, आणि तो रमसकट, मण्यांसकट पिंपात गेला. आणि कुणाला त्याची चव कळली नाही, कारण रमगोळ्याला रमचा वास येणारच! खोट्या वासाला सरावलेल्या जिभेसमोर खरी रम बेमालूम लपून बसली होती.

निघताना प्रेबेनने बक्षीस म्हणून त्यांनी वळलेले चार गोळे पिशवीत घातले. एरवी त्यांनी ते वाटेतच संपवले असते.

*

"नाही," आत्या म्हणाली.

"अगं, पण हे मणी बघ तरी!"

"सिल्ये. बापाला वाचवायला मुलं काय काय रचतात, ते मी इतकी वर्षं शाळेत बघतेय. प्रेबेन सज्जन माणूस आहे. आणि माझा केक मी खाल्लाय. खरी रम होती. पहिल्या घासात कळली. हेनिंगनं त्यावर भाषण केलं, आठवतं ना?"

"म्हणजे तू रम ओळखतेस?"

"अर्थात!"

"बरं," सिल्ये म्हणाली. तिचा आवाज विलक्षण शांत झाला होता. बाहेर पडताच एस्बेनने विचारले, "झालं? हरलो?"

"तुझ्या आईच्या केबिनमध्ये ते फुंकायचं यंत्र आहे ना?"

एस्बेनची आई दोर्ते ही बोटीची कप्तान. बोट सोडण्यापूर्वी ती आणि तिची माणसे दारू तपासणाऱ्या त्या यंत्रात फुंकत. हिरवा दिवा लागल्याशिवाय दोर सुटत नसत.

"आहे. पण आई त्याला कुणाला हात लावू देत नाही."

"तिनंच धरलं तर? आणि मला गेल्या आठवड्यातला रमगोळा हवाय. शनिवारच्या आधीचा."

"आमच्या फ्रीझरमध्ये आहे," एस्बेन म्हणाला. "माझा आहे तो! जपून ठेवलेला!" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने मान डोलावली. "घे."

"आणि यंत्र हिरवंच राहिलं तर, ताई?" बेर्टिलने विचारले.

सिल्येने पिशवीचे तोंड आणखी घट्ट आवळले. तसे झाले तर रात्री तो आईच्या मांडीवर झोपून ओडेन्सेला जाणार होता, आणि बाबा रिकाम्या घरात स्वतःचा तो गुन्हा आठवत बसणार होता, जो त्याने केलाच नव्हता.

*

संध्याकाळची बोट लागली. आत्या आणि हेनिंगकाका धक्क्यावर मुलांच्या बॅगा घेऊन उभे होते. प्रेबेन पिठाची पोती उतरवून घ्यायला आला होता. बाबा आला नव्हता. त्याने बॅगा भरून दिल्या आणि दार लावून घेतले होते.

आई उतरली. थकलेली, रडून घेतलेली. तिने मुलांना जवळ घेतले. "चला."

"एक मिनिट, आई! निरोपाचं गोड आहे. आम्हीच वळलेत!" सिल्येने पिशवी उघडली. "हेनिंगकाका! आत्या!"

असल्या प्रसंगी लहान मुलांनी पुढे केलेला गोळा नाकारणे शक्य नसते. आत्याने खाल्ला. हेनिंगकाकांनी दोन घासांत संपवून दुसरा उचलला.

"काका, तुम्ही तर रम लांबून ओळखता. यात आहे का हो रम?"

हेनिंगकाकांनी जाणकाराचे डोळे मिटले. "एसेन्स!" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. "स्वस्तातला! रमचा टिपूस नाही!"

"आत्या?"

"एसेन्स," आत्या म्हणाली. "हे सगळं काय चाललंय?"

"दोर्तेमावशी!" सिल्ये ओरडली. "यंत्र!"

कप्तान दोर्ते शिडीवरून उतरली. मुलाने तिला दुपारीच सगळे सांगितले होते. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही. आता तिने यंत्र पुढे धरले. "फुंक, हेनिंग. गंमत म्हणून."

हेनिंगकाकांनी हसत फुंकले. दिवा लाल झाला. हसू जागच्या जागी गोठले.

"बिघडलंय हे!" आत्या म्हणाली. "द्या इकडे." तिने मुख्याध्यापिकेच्या फुप्फुसांनी फुंकले.

लाल!

बेर्टिलने सिल्येचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटे दुखू लागली.

"तुम्ही प्यायलेले नाहीत," दोर्ते शांतपणे म्हणाली. "हे तोंडातलं आहे, चूळ भरलीत की उतरेल. पण ते तोंडात आलं कुठून, ते सांगा."

"एसेन्स!" पोत्यांमागून प्रेबेन घाईघाईने म्हणाला. "यंत्र एसेन्सलाही फसतं!"

"मग हा खा, आई." सिल्येने दुसरा गोळा काढला. "हा गेल्या आठवड्यातला. तेच पिंप, तोच एसेन्स. तू आत्ताच उतरलीस, तुझ्यावर कुणाचा संशय नाही."

आईने मुलीकडे पाहिले. मग तिने तो थंडगार गोळा चावून चावून खाल्ला आणि यंत्रात फुंकले.

हिरवा!

सिल्येने मूठ उघडली. तळहातावर चंदेरी मणी होते. "प्रेबेनकाका, हे मला बालवाडीच्या गोळ्यांत सापडले. दुसरा केक कुठे गेला?"

प्रेबेनने मण्यांकडे पाहिले, लाल दिव्याकडे पाहिले, आणि 'बालवाडी' या शब्दावर त्याचा चेहरा पिठाच्या पोत्यासारखा पांढरा पडला.

"घसरला," तो म्हणाला. "फळीवरून. जमिनीवर नाही हं! टेबलावर... म्हणजे बराचसा टेबलावर! रम सगळी त्यातच मुरली होती. बाटली रिकामी! मग दुसरा केला. एसेन्सचा. आणि पहिला... वाया कसा घालवणार? केक तो केक!"

"थांब," हेनिंगकाका म्हणाले. "मी ज्याच्यावर भाषण केलं..."

"एसेन्सचा," प्रेबेन पुटपुटला. "भाषण फार छान झालं."

धक्क्यावर कुणीतरी हसले, मग सगळेच हसू लागले. पण आईला हसू आले नव्हते. ती सिल्येसमोर गुडघ्यांवर बसली. "म्हणजे टोर्किलनं..."

"रमगोळे खाल्ले. बेर्टिलनं प्रेमानं आणलेले. बस, एवढंच!"

मग स्तुती सुरू झाली. ती मोठ्या माणसांना चांगली जमते. केवढी हुशार मुले! काय नजर! हेनिंगकाकांनी एस्बेनच्या पाठीवर थाप मारली. प्रेबेन तर पिंप आत्ताच समुद्रात ओततो म्हणाला आणि "पक्ष्यांचं काय?" असे बेर्टिलने विचारताच पुन्हा गोंधळला. दोर्ते म्हणाली, "बोट थांबवते. बॅगा चढवायच्या की नाही, ते आधी ठरवा." आणि गुड्रुन आत्याने सिल्येच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास! खरंच शाबास. मला तुझा अभिमान वाटतो."

सिल्येने तो हात काढला नाही. फक्त तो खाली पडेल इतकी मागे सरकली.

"शाबासकी नको, आत्या."

"अगं, मग काय हवं?"

"तू त्याला खोटारडा म्हणालीस. त्याच्या घराकडे तो रस्ता जातो."

"जाईन ना. उद्या सकाळी, निवांत..."

"तो आत्ता स्वतःच्या शेडमध्ये बाटली शोधत असेल," सिल्ये म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटले. "नसलेली! कारण तू सांगितलंस म्हणून! उद्या नाही. आत्ता!"

आत्या काही बोलणार होती. तिने आजूबाजूला पाहिले. ज्या धक्क्यावर तिने काल निकाल दिला होता, तिथेच आज सगळी माणसे उभी होती, आणि कुणीही तिच्या मदतीला येत नव्हते.

ती निघाली. मागोमाग हेनिंगकाका, टोपी हातात घेऊन प्रेबेन, मग बॅगा पुन्हा घराकडे घेऊन आई आणि मुले. दार बाबाने उघडले तेव्हा त्याच्या बाह्या वर होत्या आणि केसांत शेडमधली जळमटे होती.

"काही सापडलं नाही," तो पहिल्यांदा हेच म्हणाला. मग त्याने इतकी माणसे पाहिली आणि मागे सरकला.

"सापडणार नाही," आत्या म्हणाली. "तुझी मुलं फार हुशार आहेत, टोर्किल, त्यांनी—"

"आत्या," सिल्ये म्हणाली.

आत्या थांबली. वाक्ये तिला नेहमी तयार सापडत. या वेळी तिला ती एकेक शब्द शोधत बांधावी लागली. "तू प्यायला नव्हतास. तू तसं म्हणालास. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

बाबाने तिच्याकडे पाहिले, मग सिल्येकडे, आणि सिल्येने मान हलवली: हो, खरेच. त्याचे खांदे हळूहळू सरळ होत गेले.

"मी प्यायलो नव्हतो," तो म्हणाला. त्याने ते आत्याला नव्हे, स्वतःलाच सांगितले. मग त्याने बाजूला होऊन दार पुरते उघडले. "आत या. बूट बाहेर काढा सगळ्यांनी. फरशी पुसलीय मी."

आणि बेटाची मुख्याध्यापिका, तिचा नवरा व बेकर एका पायावर तोल सांभाळत मुकाट्याने नाड्या सोडू लागले.